पेटीतील वेताळ

प्रत्येक घरात एखादी तरी वस्तू अशी असते की, जिच्याविषयी घरच्या मंडळींचे आणि धन्याचे कधीच एकमत होत नाही. आमच्या पणजीच्या घरात अशी वस्तू म्हणजे एक लोखंडी पेटी होय. सूनबाईंच्या मते ती जागा अडविते; नातवंडांच्या मते ती खजिना आहे; आणि शेजारचे एक वृद्ध सद्गृहस्थ आम्हांस अनेकदा म्हणाले आहेत की, सत्तरीस टेकलेल्या माणसाने जपमाळ हाती धरावी, पोरांची चित्रांची पुस्तके नव्हेत. त्यांचे म्हणणे आम्ही निमूटपणे ऐकून घेतो. जपमाळ आमच्या हाती असतेच. परंतु ती पेटीही आहे, आणि तिच्याविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यात आमच्या शहाणपणापेक्षा आमच्या चुकीचाच भाग अधिक आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

पेटीत आहेत जुन्या चित्रकथा, ज्यांना सर्वत्र कॉमिक म्हणतात त्या. तळाशी ‘चांदोबा’चे अंक आहेत. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी हे मासिक मद्रासेत जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले आणि १९५२ साली त्याची मराठी आवृत्ती निघाली. ‘चांदोबा’ ही खरी चित्रकथा नव्हे, ती सचित्र गोष्टींची पोथी. पण आमच्या पिढीचा चित्रांशी पहिला परिचय तिनेच करून दिला. खांद्यावर प्रेत टाकून हाती तलवार घेतलेला विक्रम राजा ज्यांनी वर्षानुवर्षे रेखाटला, ते चित्रकार शंकर २०२० साली वारले. ती बातमी वाचली तेव्हा घरातील वडीलधारे माणूस गेल्यासारखे आम्हांस वाटले.

त्यावर आहेत ‘इंद्रजाल कॉमिक्स’. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने हे पुस्तक मार्च १९६४ मध्ये काढले. आरंभी त्याची किंमत ६० पैसे होती. इंग्रजीप्रमाणे मराठी आणि इतर अनेक भारतीय भाषांतही ते निघत असे. अमेरिकेचे लेखक ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत येताना ‘वेताळ’ झाला. जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही मंडळी मागोमाग आली. आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा आपल्या मातीतला नायक त्यात आणला. १९९० साली हे प्रकाशन बंद पडले, तोवर ८०० हून अधिक अंक निघाले होते. मुखपृष्ठांपैकी कितीतरी बी. गोविंद यांच्या कुंचल्याची. दुरून पाहिले तरी ती ओळखू येतात.

सर्वांत वर ‘अमर चित्र कथा’. अनंत पै हे आधी इंद्रजालच्याच कामात होते. आपल्या मुलांना परक्या देशांच्या दंतकथा पाठ आणि घरच्या पुराणकथा ठाऊक नाहीत, या खंतीतून त्यांनी १९६७ साली ही माला उभी केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी तिला रूप दिले. पुढे तिच्यात प्रभू येशू ख्रिस्ताचे चरित्र आले, मदर तेरेसांचेही आले. हे पुस्तक आम्ही एकदा आमच्या वृद्ध मातोश्रींना दाखविले. त्यांना अक्षरओळख बेताचीच. पण चित्रांवर बोट ठेवून त्यांनी सारे चरित्र आम्हांलाच सांगितले. त्या दिवसापासून त्यांनी पेटीविषयी तक्रार केली नाही.

आमच्या लहानपणी मात्र असे नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत पेडणे, डिचोली, सत्तरी या महालांतील गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आम्ही डिचोलीच्या बाजूचे. घरी बोलणे कोकणी, प्रार्थनाही कोकणी, पण वाचन मराठी. वाचावयास शिकलेल्या पोरांना पाठ्यपुस्तकाबाहेर काही वाचावेसे वाटते, हे मोठ्या माणसांच्या फारसे ध्यानात येत नसे. चित्रांचे पुस्तक हाती दिसले की ते काढून घ्यावयाचे आणि चुलीपाशी ठेवून द्यावयाचे, ही बहुतेक घरांची रीत. चुलीपाशी ठेवलेल्या कागदाचे पुढे काय होते, हे सांगावयास नको.

हा धाक केवळ आपल्याकडचाच नव्हता, असे पुढे वाचनात आले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी डिसेंबर १९४८ मध्ये एका कॅथॉलिक शाळेच्या आवारात मुलांनी गोळा केलेल्या चित्रकथांची होळी झाली. १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी तेथील प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. पण त्याच देशात १९४६ पासून १९७२ पर्यंत ‘ट्रेझर चेस्ट’ नावाची चित्रकथा कॅथॉलिक शाळांतूनच मुलांच्या हाती पडत होती. तिच्यात संतचरित्रे असत, इतिहास असे आणि निखळ गंमतही असे. बेल्जियमचा टिनटिन तर १९२९ साली एका कॅथॉलिक वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणीतच जन्मला. फ्रेंच भाषेबाहेर तो प्रथम बोलला तो पोर्तुगिजात, १९३६ साली, लिस्बनच्या ‘ओ पापागायो’ या साप्ताहिकातून. आणि हे साप्ताहिकही कॅथॉलिक नभोवाणी केंद्राशी निगडित होते. म्हणजे एकाच श्रद्धेच्या लोकांनी एकीकडे चित्रकथा जाळल्या आणि दुसरीकडे त्या छापल्या. वस्तू तीच; प्रश्न इतकाच की आत काय आहे आणि घरात तिच्याकडे कोण लक्ष देतो आहे. आपल्या लोटलीचे मारियो मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढीत, तेव्हा त्यांच्या आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ती वही मिळाली नसती तर गोव्याचे केवढे नुकसान झाले असते!

असो. आमच्या डिचोलीच्या घरी कोरी वही नव्हती आणि चित्रकथाही नव्हत्या. त्या होत्या आमच्या एका मित्राकडे.

हा मित्र मूळचा पेडण्याचा. शिक्षणासाठी डिचोलीस आजोळी राहिला होता. त्याचे मामा मुंबईस गिरणीत कामाला होते, आणि ते गावी येताना भाच्यासाठी इंद्रजालचे एखाददुसरे पुस्तक आणीत. शाळा सुटली की आम्ही त्याच्या आजीच्या ओसरीवर जाऊन बसत असू. नाताळात आमच्या घरून त्यांच्याकडे नेवऱ्या आणि दोदोल जाई. चवथीला त्यांच्याकडून करंज्या आणि लाडू येत. ती आजी आम्हांस नातवासारखेच वागवी.

‘वेताळ’ हा शब्द डिचोली-पेडण्याच्या माणसास पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमोणे गावी वेताळाचे देवस्थान आहे, आणि गोव्यात इतरत्रही ठिकठिकाणी आहेत. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, गावाची राखण करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्यास नव्या वहाणा अर्पण करतात, अशी आमच्या हिंदू शेजाऱ्यांची श्रद्धा. ली फॉक यांस या गोष्टीचा गंधही नसेल. पण त्यांनी १९३६ साली निर्मिलेला नायकही रात्री फिरणारा, दुबळ्यांची राखण करणारा आणि कधी न मरणारा म्हणून ओळखला जाणारा. कथेप्रमाणे १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक खलाशी किनाऱ्यास लागतो, अन्यायाशी झुंजण्याची शपथ घेतो, आणि बापामागून मुलगा तोच वेष चढवीत एकविसाव्या पिढीपर्यंत येतो. ज्या कोणी भाषांतरकाराने त्यास वेताळ म्हटले, त्याने नाव अचूक निवडले. त्या अनामिक भाषांतरकारांनी आणखीही काही शहाणपण दाखविले होते. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालसारखे ऐकू येई म्हणून ते ‘देंकाली’ केले. आणि चाच्यांचे ‘सिंग’ हे नाव आपल्याकडे कोणास बोचू नये म्हणून तेही जरा बदलून ‘सिंगा’ केले.

आमच्या मित्राच्या आजीस हे काही ठाऊक नव्हते. तिने फक्त मुखपृष्ठावरील नाव नातवाकडून वाचून घेतले होते. एके दिवशी ते पुस्तक जमिनीवर पडले होते आणि आमचा पाय त्यावरून गेला. आजी एकदम म्हणाली, “पोरा, त्यावर पाय देऊ नको. नाव देवाचे आहे.” तिने ते पुस्तक उचलले, पदराने पुसले, कपाळास लावले आणि फळीवर ठेवले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या घरी पवित्र चित्र खाली पडले तर आई त्याचे चुंबन घेऊन ते उचलीत असे. त्यामुळे आम्हांस ते लगेच उमगले. आम्ही कान धरले. आजी हसली. तेथेच ते संपले.

ही गोष्ट १९६८ च्या पावसाळ्यातली. त्यानंतर आठच दिवसांनी मित्राने आम्हांस एक नवे पुस्तक दोन दिवसांसाठी दिले. पहिल्या पानावर त्याने निळ्या शाईने आपले नाव ठळक लिहिले होते. दोन दिवस झाले, चार झाले. पुस्तक परत देण्याचे आमच्या मनास येईना. आम्ही ते भाताच्या कणगीमागे लपविले आणि मित्रास सांगितले की, ओहोळ ओलांडताना पिशवीतून निसटले व पाण्याबरोबर वाहून गेले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “जाऊ दे रे. तू नाही ना वाहून गेलास?”

वाचकहो, बारा वर्षांच्या मुलास शिक्षेने जितके लागत नाही तितके क्षमेने लागते. त्याने भांडण केले असते तर आम्ही कदाचित पुस्तक काढून दिले असते. त्याने विश्वास ठेवला, आणि मग आम्हांस त्याच्या तोंडाकडे पाहवेना. त्या ओसरीवर जाणे आम्ही सोडले. शाळेतही दुसऱ्या बाकावर बसू लागलो. त्या नाताळात आम्ही पापनिवेदनाच्या वेळी हे फादरांना सांगितले. त्यांनी शांतपणे सांगितले की, घेतलेली वस्तू धन्यास परत कर. आम्ही ‘होय, फादर’ म्हणालो. घरी आलो, आणि पुस्तक कणगीमागेच राहिले. वर्षभराने मित्र पेडण्यास परत गेला, आम्ही पुढे नोकरीनिमित्त पणजीस आलो, आणि ते पुस्तक आमच्याबरोबर पत्र्याच्या पेटीतून आले. आमच्या संग्रहातले ते पहिले पुस्तक. बीज असे पेरले गेले होते.

पुढे हाती चार पैसे खेळू लागले तेव्हा आम्ही जुनी पुस्तके शोधू लागलो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रद्दीवाल्याकडे, पुण्यास अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईस फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळच्या पदपथांवर आम्ही कित्येक दुपारी उन्हात उभे राहिलो आहोत. एकदा पणजीच्या फोंताइन्यास भागातील एका घरी ‘काव्हालैरो आंदांते’ या पोर्तुगीज चित्रसाप्ताहिकाचे काही अंक पाहावयास मिळाले. ते लिस्बनहून १९५२ पासून १९६२ पर्यंत निघत असे. घरच्या वृद्ध बाईंनी ते हाती दिले, विकत मात्र दिले नाहीत. त्यांचे बरोबर होते. काही पुस्तकांची किंमत करता येत नाही. अमेरिकेत मात्र ती करतात. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो १९३८ सालचा अंक मुळात १० सेंटचा. त्याची एक प्रत २०२४ साली ६० लक्ष डॉलरांस विकली गेली.

आमच्या पेटीस तसा भाव येणार नाही, आणि येऊही नये. पणजीस आम्ही सातआठजण या एका वेडाचे आहोत: कोणी निवृत्त कारकून, कोणी शिंपी, कोणी शाळामास्तर, एकदोन तरुण इंजिनिअर. महिन्यातून एका रविवारी, मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर, कोणाच्या तरी बाल्कांवात आम्ही जमतो. हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, एक मुसलमान गृहस्थ आहेत. प्रत्येकजण आपली पुस्तके आणतो, दुसऱ्याची पाहतो, हवे ते महिनाभरासाठी नेतो. नियम तीनच. हात धुऊन पुस्तक धरावे. खरेदी-विक्री करू नये. आणि नेलेले पुस्तक वहीत मांडावे. ती वही आमच्याकडे असते. ज्याने आयुष्यात नेलेले पहिले पुस्तक परत केले नाही, त्याच्याकडे ही वही यावी, याची गंमत देवच जाणे.

जतनाविषयीही थोडे सांगतो, कारण पुष्कळांच्या माळ्यावर असे काही पडून असते. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली. लाकडाच्या लगद्यातील द्रव्यामुळे असा कागद उजेडात पिवळा पडतो, कालांतराने त्यात आम्ल वाढते आणि तो कोपऱ्यांत तुटू लागतो. पणजीस वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यामुळे दमट हवेत मधल्या पिना गंजतात आणि गंज कागद खातो. पिना हलक्या हाताने काढून पांढऱ्या सुती दोऱ्याने टाचावे. पुस्तके कडक उन्हात घालू नयेत. पावसाळा सरला की सावलीत, वाऱ्यावर पसरावीत. कसर आणि वाळवी यांवर कडुलिंबाच्या सुक्या पानांची पुरचुंडी आमच्या आईच्या काळापासून आम्ही वापरतो. पण खरा उपाय एकच, पेटी वारंवार उघडावी. वाचले जाणारे पुस्तक सहसा किडीच्या तोंडी जात नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले आणि आज पाटो येथे नव्या वास्तूत उभे आहे. त्याचे जुने ग्रंथ पाहताना आम्हांस नेहमी वाटते की, पुस्तके जगतात ती माणसांच्या हाताळण्यानेच.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. गेल्या पावसाळ्यापूर्वीच्या एका बैठकीस शाळामास्तरांनी आपली बारा-तेरा वर्षांची नात आणली होती. आमची पुस्तके ती मोठ्या आवडीने चाळीत होती. एकाएकी तिने एक पुस्तक उघडे धरले आणि विचारले, “आजोबा, या पुस्तकावर दुसऱ्याच कोणाचे नाव कसे?” सगळ्यांनी सहज आमच्याकडे पाहिले. आणि आम्ही उत्तर दिले, “बाळ, ते जुन्या बाजारात मिळाले.”

बैठक संपली, मंडळी गेली, वही मिटली. रात्री झोप लागली नाही. बारा वर्षांच्या वयात एक खोटे सांगितले होते. त्याला लहानपणाचे पांघरूण घालून आम्ही आजवर निभावून नेले होते. पण आता पांढऱ्या केसांनी, एका मुलीच्या डोळ्यांत पाहून, आम्ही दुसरे खोटे सांगितले. म्हणजे ते पहिले खोटे लहानपणीचे नव्हतेच. ते आमच्याबरोबर मोठे झाले होते, त्याने नोकरी केली होती, पेन्शन घेतले होते. पहाटे उठून आम्ही ते पुस्तक पेटीतून काढले आणि कापडात गुंडाळले.

मित्राचा ठाव लागण्यास तीन आठवडे लागले. एका रविवारी म्हापसा आणि कोलवाळचा पूल मागे टाकून आम्ही पेडण्यास उतरलो. घर सापडले. वहिनींनी दार उघडले. आम्ही नाव सांगताच आतून आवाज आला, “कोण? डिचोलीचा? ये, ये रे!” सत्तावन्न वर्षांनंतर आवाजावरून आम्ही त्यास ओळखले नसते, त्याने आमचे नाव ऐकताच ओळखले. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळजवळ गेली आहे. समोर उजेड आणि सावली एवढेच कळते.

वहिनींनी चहा आणि भाजलेले काजू आणून ठेवले. आम्ही काही न खाता आधी सारे सांगून टाकले: कणगी, ओहोळाची थाप, फादरांचा उपदेश, जुन्या बाजाराची थाप. मग पुस्तक त्याच्या हाती दिले. त्याने मुखपृष्ठावरून बोटे फिरविली, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, “खरे सांगू? हे पुस्तक मला आठवत नाही. वाहून गेले म्हणालास, तेही नाही. मामा किती पुस्तके आणायचा, त्यांतली किती गेली, कोण मोजतो? पण तू यायचा बंद झालास, ते आठवते.”

आम्ही खाली मान घातली. तो पुढे म्हणाला, “आजी रोज विचारायची, तुझा सोबती का येत नाही? तिला वाटे, आपण त्या दिवशी पायाखाली देवाचे नाव आले म्हणून बोललो, ते ख्रिस्ती पोराच्या मनाला लागले. त्या चवथीला तिने तुझ्या वाटणीचे लाडू डब्यात भरून ठेवले होते. मला म्हणाली, नेऊन दे आणि सांग, आजी रागावली नव्हती. मी नेले नाहीत. मलाही तुझा राग आला होता. ती जाईपर्यंत अधूनमधून म्हणायची, मी त्या पोराला उगाच बोलले.”

वाचकहो, आम्ही गेली कित्येक वर्षे असे धरून चाललो होतो की, आमच्या हातून ६० पैशांच्या एका पुस्तकाची चोरी झाली आणि ते पुस्तक आमच्या पेटीत सुखरूप आहे, म्हणजे नुकसान फारसे नाही. पाप आम्ही पुस्तकाच्या मापाने मोजीत होतो. आमच्या मौनाचे ओझे एका निरपराध म्हातारीने वाहिले, आपल्या एका प्रेमळ वाक्यास दोष देत ती गेली, याची आम्हांस दाद नव्हती. पुस्तक परत करता आले. ते वाक्य तिला परत करता येत नाही. तिच्याकरिता आम्ही आता रोज प्रार्थना करतो. याहून अधिक काय करावे हे आम्हांस सुचलेले नाही.

तेवढ्यात मित्राचा नातू खेळून आला. मित्राने पुस्तक त्याच्यापुढे केले आणि म्हणाला, “वाच रे मोठ्याने.” नातू इंग्रजी शाळेतला, मराठी अडखळत वाचू लागला. ‘देंकाली’पाशी तो थांबला, तेव्हा आम्ही दोघांनी एकदम तो शब्द सांगितला, आणि दोघेही हसलो. नातू चित्र कसे आहे ते सांगे, मग चौकटीतले शब्द वाची. मित्र डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्याने विचारले, “घोडा पांढराच आहे ना अजून?” नातू म्हणाला, “हो आजोबा, पांढराच.”

निघताना मित्राने पुस्तक परत आमच्या हाती देऊ केले. “तुझ्याकडे नीट राहील,” असे म्हणाला. आम्ही घेतले नाही. तेव्हा तो म्हणाला, “मग इथे राहू दे. पण हा पोरगा फार हळू वाचतो. महिन्यातून एकदा तूच येऊन वाचून दाखव. आणि दुसरीही आण.”

त्याप्रमाणे आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पेडण्यास जातो. पिशवीत चारपाच पुस्तके असतात. पहिल्या दिवशी ओसरीवर तिघेच होतो. आता वाड्यावरची सातआठ मुले येऊन बसतात, काही चर्चकडची, काही देवळाकडची. आम्ही वाचतो, मित्र मध्येमध्ये दुरुस्त करतो, मुले चित्रे पाहतात. पुस्तके मुलांच्या हाती देताना प्रथम छाती धडधडली. एकाचा कोपरा फाटलाही. पण फाटलेला कोपरा सांधता येतो, हे आम्ही जतनाच्या कामात शिकलो आहोत.

बैठकीतल्या मंडळींना आम्ही खरे काय ते सांगितले. त्या मुलीसही सांगितले. ती म्हणाली, “मग वहीत मांडा.” तिचे म्हणणे योग्य होते. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही १९६८ सालची नोंद केली: पुस्तकाचा क्रमांक, धन्याचे नाव, नेल्याची तारीख अंदाजाने, आणि परत केल्याची तारीख बिनचूक. संग्रहात त्या क्रमांकाची जागा आता रिकामी आहे. नवा कोणी हौशी पाहुणा येतो, क्रमाने पुस्तके मोजतो आणि विचारतो, हा अंक तुम्हांस मिळाला नाही वाटते? आम्ही सांगतो, तो पेडण्यास आहे, ज्याचा त्याच्याकडे.

सुज्ञ वाचकांना उपदेश करण्याचा अधिकार आम्ही कधीच गमावला आहे. तेव्हा केवळ एक विनंती करतो. येत्या रविवारी दुपारी आपल्या घरातील फळी, माळा, पेटी उघडून पाहा. कोणा दुसऱ्याचे नाव लिहिलेले एखादे पुस्तक तेथे निघाले, तर ते पोस्टाने पाठवू नका. स्वतः घेऊन जा, आणि पुस्तक देण्याआधी चहा घेण्याइतके थांबा.